नेहमीच्या कानावर पडणारे इस्लामी शब्द : अर्थ आणि कधी काय म्हणायचं, सांगाल का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण मदत हवी आहे.

मी ठाण्याला चरईत राहते. गेली अकरा वर्षं कौशातल्या एका शाळेत मराठी शिकवते. रोज सकाळी धीमी लोकल, कळवा, मग मुंब्रा, तिथून रिक्षा. वर्गातली बहुतेक मुलं मुसलमान, सहकारीही निम्मे. 'माशा अल्लाह', 'अल्हम्दुलिल्लाह', 'इन्शा अल्लाह' हे शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतात. आवाज ओळखीचा झाला, पण अर्थ कधी विचारला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेचे शिपाईचाचा गेले. सकाळी कुलूप उघडताना किल्ली फिरवायच्या आधी त्यांचे ओठ हलायचे. घंटेचा टोल द्यायच्या आधीही. मी कधी विचारलं नाही. ते गेल्याची बातमी ग्रुपवर आली ती एका ओळीत, 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन'. खाली सगळे तेच लिहीत होते. मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. संध्याकाळी घरी गेले तर चाचींनी माझा हात धरला, तेच वाक्य म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी नुसती मान हलवली. अकरा वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायले, त्यांच्या दारात मला एक वाक्य बोलता आलं नाही. ती टोचणी अजून गेलेली नाही.

आणखी एक अडचण आहे. चाचींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद व्हायचे आहेत. वरच्या कार्यालयातून सांगतात, बाईंनी स्वतः येऊन सही करावी. चाची म्हणतात, आत्ता येऊ शकत नाही. तिथल्या माणसाने मला फोनवर ऐकवलं, 'पैसे हवेत आणि यायला नको.' मला ते फार लागलं. पण चाची का येत नाहीत हेही मला नीट ठाऊक नाही.

तर शब्दकोशातला अर्थ नको. कोण, कधी, कोणाला म्हणतं आणि समोरच्याने काय म्हणायचं, ते सांगा.

कौशाची लेक

मॅडम, मी तुमच्याच गावची. जन्म कौशाचा, सासर राबोडी. आम्ही कोकणी मुसलमान, घरात बोलतो ती कोकणी, म्हणजे तुमच्या मराठीचीच बहीण. तुम्ही विचारलंत याचंच बरं वाटलं.

आधी चाचींचं वाक्य. 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' म्हणजे 'आपण अल्लाहचेच आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार आहोत'. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, सूरा बकरात हे आलंय. संकट आलं की धीर धरणारे लोक असं म्हणतात, असा तिथे उल्लेख आहे. म्हणजे हे फक्त मरणाचं वाक्य नाही. कुठलंही नुकसान झालं तरी म्हणतात. माझी आई गॅसवरचं दूध उतू गेलं तरी म्हणायची. पण मयताच्या घरी त्याचं वजन वेगळं असतं. चाचींनी तुमचा हात धरून ते म्हटलं, तेव्हा त्या तुम्हाला काही विचारत नव्हत्या. त्या स्वतःला सावरत होत्या. तुम्ही मान हलवलीत ते अगदी योग्य केलंत. टोचणी काढून टाका.

पुढच्या वेळी काही म्हणावंसं वाटलं तर 'अल्लाह त्यांची मग्फिरत करो' म्हणा. मग्फिरत म्हणजे क्षमा. गेलेल्या माणसाच्या चुका पदरात घेतल्या जावोत, अशी ती मागणी आहे. समोरचा 'आमीन' म्हणेल. आणि मराठीत 'धीर धरा चाची' म्हणालात तरी तितकंच पोचतं.

आता त्या का येत नाहीत ते. त्या इद्दतीत आहेत. नवरा वारला की बाईने चार महिने दहा दिवस थांबायचं असतं. ही मुदतही सूरा बकरातच सांगितली आहे. या काळात दुसरं लग्न नाही, नटणं-सजणं नाही, राहायचं आपल्या घरात. महिने चांद्र धरतात. पोटात मूल असेल तर बाळंतपण होईपर्यंत. दवाखाना किंवा अगदीच अडलेलं काम असेल तर बाहेर पडता येतं, पण बायका होता होईल तो टाळतात, म्हाताऱ्या तर फारच. ही काही टाळाटाळ नव्हे. माझी आई त्या दिवसांत खिडकीशी बसून समोरच्या शेवग्यावरचे पक्षी बघायची आणि बोटांवर दिवस मोजायची. त्या बोटांवरून चार महिने कसे सरले हे मी पाहिलंय. फोनवर असं बोलणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलेलंच नसेल.

सातबारा

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला तलाठी. भिवंडी, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांत नोकरी झाली.

मॅडम, कागदाचं आधी सांगतो. बाईंच्या नावाने एक साधा अर्ज लिहा. पतीच्या निधनानंतर इद्दतीत असल्याने अमुक तारखेपर्यंत समक्ष हजर राहता येत नाही, तरी सही घरी येऊन घ्यावी किंवा मुख्याध्यापकांसमक्ष झालेली सही ग्राह्य धरावी, असं स्पष्ट लिहा. अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या. तोंडी बोलू नका. अंथरुणाला खिळलेल्या खातेदारांचे जबाब मी स्वतः घरी जाऊन घेतलेले आहेत. इच्छा असली की होतं.

आता जरा शब्दांचं, कारण मला त्याची फार आवड आहे. मी आयुष्यभर फेरफाराच्या वहीत लिहीत आलो : 'खातेदार मयत, त्यांचे वारस पुढीलप्रमाणे.' मयत हा अरबी शब्द. मय्यत म्हणजे मेलेला. वारस अरबी. त्याच मुळातून मिरास आली, म्हणून आपले मिरासदार. हयात म्हणजे जगणं, तेही अरबी. दर वर्षी नोव्हेंबर आला की आम्ही पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभे असतो, तेव्हा तोच शब्द हातात घेऊन उभे असतो. वर मी जे लिहिलं त्यातले अर्ज, सही, हजर, जबाब, तारीख काढून टाका, कागद कोरा राहील. बाईंच्या फॉर्मवर जे छापलेलं आहे त्यातलं अर्धं त्यांच्या नमाजाच्या भाषेतून आलेलं आहे.

आमच्याकडे गावात तर 'मयतीला जाऊन आलो' म्हणतात, मग तो वारलेला माणूस कुठल्याही जातीचा असो.

तीन अक्षरे

सातबारा काका, क्या बात है. मी नेरूळला राहतो. दोन वर्षांपासून हौस म्हणून अरबी शिकतोय. थोडी भर घालतो.

अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळातून निघतात. ते मूळ कळलं की एकदम दहा शब्द उलगडतात. स-ल-म घ्या. सलाम म्हणजे शांती, सुरक्षितता. इस्लाम म्हणजे स्वतःला ईश्वराच्या हवाली करणं. मुस्लिम म्हणजे तसं करणारा. र-ह-म घ्या. रहमत म्हणजे दया, रहमान आणि रहीम ही अल्लाहची दोन नावं, आणि मरहूम म्हणजे ज्याच्यावर दया झाली आहे तो. आपण मरहूम म्हणजे नुसतं 'कैलासवासी' समजतो, पण त्यात गेलेल्याबद्दलची प्रार्थनाच आहे. आणि याच मुळातून अरबीत गर्भाशयाला शब्द आहे. हे मला कळलं त्या रात्री मी बराच वेळ वहीकडे बघत बसलो होतो.

मॅडम, चाचांचे ओठ हलायचे ते बहुधा 'बिस्मिल्लाह' म्हणून. 'अल्लाहच्या नावाने'. पूर्ण वाक्य 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम', म्हणजे 'परम दयाळू, परम कृपाळू अल्लाहच्या नावाने'. कुराणात 114 सूरा आहेत. नववी सूरा तौबा सोडून प्रत्येकीची सुरुवात या वाक्याने होते. जेवायला बसताना, पाणी पिताना, गाडी सुरू करताना, दार उघडताना म्हणतात. आपल्याकडे वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहितात ना, तसं. फक्त ते दिवसातून शंभर वेळा.

खडूफळा

म्हणजे ते रोज माझ्यासमोर शाळा देवाच्या नावाने उघडत होते. आणि मला वाटायचं, कुलूप अडतंय म्हणून काही पुटपुटतात.

अर्जाबद्दल सातबारा काकांचे आभार. उद्याच लिहिते.

'इन्शा अल्लाह'बद्दल कुणी सांगेल का? पालकसभेला या म्हटलं की आया 'इन्शा अल्लाह' म्हणतात. मला ते नेहमी 'बघू' असं वाटायचं. एकदा मी एका आईला म्हटलं, 'तसं नको, नक्की सांगा.' तिचा चेहरा उतरला. ती सभेला आली, सगळ्यांच्या आधी आली. पण माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही.

कौशाची लेक

'अल्लाहची इच्छा असेल तर.' सूरा कहफमध्ये सांगितलंय की 'मी हे उद्या करीन' असं नुसतं म्हणू नकोस, 'अल्लाहने इच्छिलं तर' हे जोडून म्हण. उद्या आपल्या हातात नाही, म्हणून भविष्यातल्या कुठल्याही गोष्टीला ते जोडायचं. तेव्हा त्या आईने तुम्हाला नक्कीच सांगितलं होतं. तिच्या दृष्टीने त्याहून पक्कं काही नव्हतं. तुम्ही 'तसं नको' म्हटल्यावर तिला वाटलं असेल की देवाचं नाव नको म्हणताय.

हेही खरं, की काही लोक हा शब्द काम टाळायला वापरतात. माझे वडील त्यावर चिडायचे. म्हणायचे, करायचं नसेल तर सरळ नाही म्हण, अल्लाहला मध्ये घालू नकोस. पण ते बोलणाऱ्याचं खोटं, शब्दाचं नाही. तुमच्याकडे 'पांडुरंगाची इच्छा' म्हणतात, त्याचंही तसंच होत असेल.

'माशा अल्लाह' वेगळा. 'अल्लाहने इच्छिलं तसं झालं.' हा झालेल्या गोष्टीसाठी. बाळ गोंडस आहे, मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, नवं घर घेतलं, की कौतुकासोबत हा शब्द जोडतात म्हणजे दृष्ट लागत नाही. वर्गात एखाद्या मुलाच्या अक्षराचं कौतुक केलंत की 'माशा अल्लाह' म्हणून बघा, घरी जाऊन आईला सांगेल.

'अल्हम्दुलिल्लाह' म्हणजे 'सगळी स्तुती अल्लाहची'. कशा आहात विचारलं की हेच उत्तर. बरं असो वा नसो. शिंक आली तरी शिंकणारा हेच म्हणतो. ऐकणाऱ्याने 'यर्हमुकल्लाह', म्हणजे 'अल्लाह तुझ्यावर दया करो', म्हणायचं. आम्ही चौघं भावंडं लहानपणी मुद्दाम खोट्या शिंका काढायचो, आजीला उत्तर द्यायला लावायला. ती प्रत्येक शिंकेला उत्तर द्यायची.

रात्रपाळी

मी नर्स आहे, राहते ऐरोलीला. कुठल्या हॉस्पिटलात ते राहू दे. मला यातले शब्द पुस्तकातून नाही, पेशंटच्या उशाशी कळले.

एक आजोबा होते. डाव्या हाताला सलाइन, उठायची मनाई. पहाटे मला म्हणाले, 'सिस्टर, स्वच्छ माती मिळेल का?' मला वाटलं भ्रम झालाय. डॉक्टरांना बोलावणार होते. त्यांची मुलगी म्हणाली, 'बाबांना तयम्मुम करायचा आहे.' नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात त्याला वजू म्हणतात. पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होणार असेल तर स्वच्छ मातीवर तळवे टेकवून ते तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे, म्हणजे तयम्मुम. मी गच्चीवरून तुळशीची रिकामी मातीची कुंडी आणली, कोरडी पुसून. त्यांनी तिच्या बाहेरच्या अंगावर तळवे टेकवले. मग विचारलं, 'किब्ला कुठे?' किब्ला म्हणजे मक्केतल्या काबाची दिशा. आपल्या ठाण्या-मुंबईहून ती पश्चिमेला येते, किंचित उत्तरेकडे. मी खिडकी दाखवली. पडल्या पडल्या, डोळ्यांच्या आणि मानेच्या खुणांनी त्यांनी नमाज पढली. ती कुंडी त्यांना डिस्चार्ज मिळेपर्यंत कॉटखालीच होती. आमच्या मावशीही ती हलवायच्या नाहीत.

तेव्हापासून मी वॉर्डात गेल्या गेल्या पश्चिम कुठे आहे ते बघून ठेवते. शेवटच्या घटकेला नातेवाईक कानाशी हळू आवाजात कलमा म्हणतात, 'ला इलाह इल्लल्लाह मुहम्मदुर्रसूलुल्लाह', अल्लाहखेरीज कुणी उपास्य नाही, मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत. माणसाच्या कानावर शेवटचं हे पडावं अशी त्यांची इच्छा असते. त्या वेळी मॉनिटरचा आवाज कमी करता आला तर मी करते. नर्स मंडळी वाचत असतील तर एवढं जरूर करा.

आणि रमजानात डायबेटिसचे पेशंट हट्टाने रोजा धरतात. त्यांना सांगा की आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणातच सूट आहे. सुटलेले रोजे नंतर धरता येतात, त्याला कजा रोजे म्हणतात. जे कधीच धरू शकणार नाहीत ते गरिबाला जेवू घालतात. हे मी सांगितलं तर ऐकत नाहीत, मौलानांनी सांगितलं की ऐकतात, म्हणून मी घरच्यांना मौलानांनाच फोन लावायला सांगते.

मापाडी

आमचं तुर्भ्याचं मार्केट. रमजान आला की खजुराच्या पेट्या छतापर्यंत लागतात. हमाल आणि दलाल हे दोन्ही शब्द अरबी, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं, माझ्या गाळ्याच्या शेठने सांगितलं.

मला लिहायचंय ते जकातीवर. आपल्या पिढीला जकात म्हणजे नाका. मुलुंड, मानखुर्द, ऐरोली, दहिसर. वाशीहून मुंबईत माल न्यायचा तर मानखुर्दला ट्रक उभा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. त्यामुळे शेठ पहिल्यांदा म्हणाले की 'जकात काढायची आहे', तेव्हा मी म्हटलं, शेठ, ती तर बंद झाली!

त्यांनी मला बसवून समजावलं. मूळ अरबी शब्दात शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. माणसाकडे ठरावीक मर्यादेच्या वर संपत्ती असेल आणि ती वर्षभर राहिली असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंना द्यायचाच. त्या मर्यादेला निसाब म्हणतात. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, आजच्या हिशेबाने 87.48 ग्रॅम आणि 612.36 ग्रॅम. लाखाला अडीच हजार. राहत्या घरावर नाही, अंगावरच्या कपड्यांवर नाही. गल्ल्यातली रोकड, विकायला ठेवलेला माल, सोनं-चांदी, येणं बाकी, सगळं धरायचं. आपल्या आईबापाला किंवा पोराला ती देता येत नाही, त्यांना पोसणं हे कर्तव्यच आहे म्हणून.

शेठ दर रमजानात गोदामातल्या पोत्यांची मोजदाद करतात. मोजायला मीच असतो. एकदा मी म्हटलं, ही चार पोती भिजलेली आहेत, सोडून द्या. ते म्हणाले, भिजलेली असली तरी विकणार आहोत ना, मग त्या भावाने धर. कर चुकवायला धडपडणारे मी पुष्कळ बघितलेत. स्वतःहून पोतं वाढवून धरणारा माणूस मी तिथे बघितला.

शीरखुर्म्याचं पण सांगतो. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही फारसी.

पारसिक

चांगला धागा. मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. माझ्या टेबलावरून जे तीन शब्द सर्वांत जास्त वेळा गेले ते म्हणजे फतवा, जिहाद आणि काफिर. प्रत्येक वेळी मनात शंका राहायची. यावर कुणी शांतपणे सांगेल का? वाद घालायचा नाही, समजून घ्यायचं आहे.

तीन अक्षरे

प्रयत्न करतो. कौशाची लेक चुका दुरुस्त करतील.

फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, दिलेलं धर्मशास्त्रीय मत. आधी कुणीतरी प्रश्न विचारावा लागतो. माझ्या दुकानात अमुक वस्तू विकली तर चालेल का, प्रवासात नमाजाचं काय, असे साधे रोजचे प्रश्न असतात. मराठीत मात्र 'पक्षाने फतवा काढला', 'सोसायटीच्या चेअरमनचा फतवा' असं आपण हुकूम या अर्थाने लिहितो. हुकमाला हुकूम म्हणायला आपल्याकडे शब्द आहे, आणि तोही अरबीच आहे.

जिहादच्या मुळाचा अर्थ कसून प्रयत्न करणं, झटणं. त्यात स्वतःच्या नफ्सशी, म्हणजे मनाच्या हावेशी झगडणं येतं, आणि शास्त्रग्रंथांत युद्ध हाही अर्थ येतो, त्याचे नियम आणि मर्यादांसकट. दुसरा अर्थ नाहीच असं म्हणणं खरं नाही, आणि फक्त तोच आहे असं म्हणणंही खरं नाही.

काफिरच्या मुळाचा अर्थ झाकणं. सत्य झाकणारा, नाकारणारा तो काफिर. कुराणात सत्तावन्नाव्या सूरेत याच शब्दाचं अनेकवचन शेतकऱ्यांसाठी आलंय, कारण तो बी मातीत झाकतो, असं जुने भाष्यकार सांगतात.

कौशाची लेक

दुरुस्ती काही नाही. एवढंच सांगते, की आमच्या घरात शेजाऱ्याला उद्देशून तो तिसरा शब्द मी कधी ऐकला नाही. आजी शेजारच्या वहिनींना 'बाय' म्हणायची आणि तिच्याकडच्या हळदीकुंकवाचे तिळगूळ आमच्या डब्यात असायचे.

उलट 'अल्लाहु अकबर' टीव्हीवर ऐकला की लोक दचकतात, त्याचं दुःख होतं. 'अल्लाह सर्वांहून मोठा आहे.' अजानची सुरुवात त्याने होते. नमाजानंतर तस्बीहवर, म्हणजे जपमाळेवर, 33 वेळा सुभानल्लाह ('अल्लाह पवित्र आहे'), 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणतात. माझ्या आजीचा झोपेच्या आधीचा शेवटचा शब्द तोच असायचा. बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान म्हणतात, म्हणजे माझ्या कानावर पडलेला पहिला शब्दही तोच असणार.

अजानचा अर्थही सांगून ठेवते, तुम्ही रोज ऐकता म्हणून. 'या नमाजाला, या कल्याणाकडे' अशी ती हाक आहे. पहाटेच्या अजानात एक ओळ जास्त असते, 'झोपेपेक्षा नमाज बरी'. मराठीत अजानला बांग म्हणतात, कोंबडाही बांग देतो, तो शब्द फारसी, अर्थ हाकच. पाच वेळा : फज्र पहाटे, जुहर दुपारी, अस्र उन्हं कलताना, मगरिब सूर्यास्तानंतर, इशा रात्री. शाफई आणि हनफी या सुन्नींमधल्या धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. आम्ही कोकणी बहुतेक शाफई, त्यामुळे आमची अस्र हनफी मशिदींपेक्षा लवकर होते. कौशात दोन मशिदींतून अस्रच्या अजान वेगवेगळ्या वेळी ऐकू येतात त्याचं कारण हे. कुणाचं घड्याळ चुकलेलं नाही.

सातबारा

नमाज, रोजा, पैगंबर, खुदा हे चारही फारसी. अरबीत सलात, सौम, रसूल किंवा नबी, आणि अल्लाह. आपल्याकडे धर्म अरबस्तानातून आला तरी बोली बरीचशी इराणमार्गे आली.

आणि उरूस! उर्स म्हणजे अरबीत लग्न. पीर देह सोडतो तो दिवस त्याच्या ईश्वराशी मीलनाचा, म्हणून लग्नाचा. माझ्या नोकरीच्या गावात उरुसाची पट्टी सगळं गाव भरायचं आणि संदलच्या मिरवणुकीत ताशा वाजवायला आमचा कोतवाल असायचा.

आपल्या घरातल्या बोलीत बघा. हाताला बरकत. इमानेइतबारे नोकरी केली. तुझी खैर नाही. जरा सबुरीने घे. कज्जेदलाल. हे शब्द आमच्या आईच्या तोंडी होते आणि ती शाळेत गेलेली नव्हती.

रात्रपाळी

एक चूक सगळेच करतात म्हणून सांगते. मोहरमच्या शुभेच्छा देऊ नका. मीही एकदा पेशंटच्या घरच्यांना दिल्या होत्या. तो हिजरी वर्षाचा पहिला महिना हे खरं. पण त्याच्या दहाव्या तारखेला, इसवी सन 680 मध्ये, प्रेषितांचे नातू इमाम हुसेन करबलाला मारले गेले. शिया लोकांचा तो शोकाचा काळ. सुन्नी मंडळी त्या दिवशी रोजा धरतात. शुभेच्छा ईदला द्या. 'ईद मुबारक' दोन्ही ईदला चालतं.

तीन अक्षरे

आणि सलाम घालताना 'ल' गिळू नका. 'अस्सलामु अलैकुम' म्हणजे तुमच्यावर शांती असो. घाईत 'अस्साम' झालं तर अरबीत त्याचा अर्थ मरण होतो. उत्तर 'व अलैकुम अस्सलाम'. जमत नसेल तर मोकळेपणाने नमस्कार म्हणा, ते जास्त बरं.

मॅडम, तुमच्यासाठी एक ठेवलं होतं. हजला जाणारे लोक वाटभर एक वाक्य म्हणत असतात, 'लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक'. त्याचं मराठी काय होईल यावर मी खूप विचार केला. शेवटी तुमच्या वर्गातलाच शब्द सापडला. 'हजर आहे, हे अल्लाह, मी हजर आहे.'

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगायला हवं म्हणून लिहिते.

काकांनी सांगितल्यासारखा अर्ज दिला, पोच घेतली. आठ दिवसांनी मुख्याध्यापकांसमक्ष झालेली सही चालेल असं उत्तर आलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक आणि मी कागद घेऊन चाचींकडे गेलो.

दारात मी 'अस्सलामु अलैकुम' म्हटलं, 'ल' जपून. चाचींनी उत्तर दिलं आणि आत घेतलं. पांढरी ओढणी, हातात तस्बीह. चटईवर बसून फॉर्म भरला. 'मयताचे नाव' हा रकाना आला तेव्हा त्या म्हणाल्या, 'मॅडम, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर त्यांना आवडायचं. फळ्यावरचं पुसायचे नाहीत ते लवकर.' हे मला माहीत नव्हतं. सकाळी आले की कालचा सुविचार तसाच असायचा. मी समजत होते, त्यांना पुसायला वेळ मिळत नाही.

मी नाव लिहिलं. लिहायच्या आधी मनात 'बिस्मिल्लाह' म्हटलं. लिहून झाल्यावर म्हणाले, 'अल्लाह त्यांची मग्फिरत करो.'

चाची 'आमीन' म्हणाल्या. मुख्याध्यापकही म्हणाले. मग चाचींनी पेन मागितलं आणि 'वारसाची सही' या रकान्यात, सावकाश, मराठीत सही केली. अक्षरं थोडी वर चढली होती. सही कधी शिकलात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, 'त्यांनीच शिकवली, शाळेतून खडूचे तुकडे आणून.'

इद्दत संपायला अजून अडीच महिने आहेत. तोवर दर शनिवारी जाऊन येईन म्हटलंय. इन्शा अल्लाह.